मे महिन्यात फोनवर खेळण्यासारखे रेसिंग न ॲक्शन गेम सांगा की (फोन साधा हाय, भाचरं चार हाईत)

मामा_आसरा_चौक
नमस्कार मंडळी. १ तारखेपासून एका बहिणीची दोन न दुसरीची दोन अशी चार पोरं आमच्याकडं उतरलीत, सगळ्यात लहानगं ८ वर्षांचं, मोठा १५ चा. सकाळी खेळतात बाहेर पण अकरा वाजले की दार लावावं लागतंय, पारा ४२ च्या खाली यायला तयार न्हाई. मी रात्रपाळीला असतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, म्हणजे दुपारी घरीच, झोप तर होतच न्हाई मग म्हटलं पोरांबरोबर खेळावं.
फोन बारा हजाराचा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी मेमरी, त्यातली निम्मी गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेली. मागच्या उन्हाळ्यात प्ले स्टोअरवर नुसतं कार रेसिंग टाकून सात गेम उतरवले, एक गाडी वळवायच्या आत दोन जाहिराती, आणि वीस मिनिटांत फोन तव्यासारखा. मग गाडी अशी चालायची की पंक्चर झाल्यागत.
नेट फार लागू नये, पैसे लागू नयेत, रक्त जास्त नको (आई शेजारीच बसलेली असते) आणि मला पण मजा आली पाहिजे, मी रोड रॅशवर वाढलेला माणूस हाय.

कडक_भाकरी
काय करलालास बे मामा, पोरांना अभ्यासाला बसव की
(जोक हाय. हिल क्लायंब टाक डोळे झाकून.)

जुनाट_खेळाडू
रोड रॅश म्हटल्यावर लॉगिन केलं बघा. नवी पेठेतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसायचो, चेन हातात आली की शेजारच्याला हाणायचं न पोलीस मागं लागला की गुपचूप सरळ जायचं. तो जीव फोनवरच्या कुठल्याच बाईक गेममध्ये मला परत सापडला न्हाई, खोटं कशाला बोलू. पण जवळ जाणारा म्हणशील तर ट्रॅफिक रायडर. २०१६ चा गेम हाय, एकट्या माणसानं बनवलेला, सोनेर कारा म्हणून तुर्कस्तानातला. हाणामारी अजिबात न्हाई, पण नजर बाईकवर बसलेल्याची, समोर हँडल न काटा दिसतो. १०० च्या वर स्पीड असताना ट्रकला घासून ओव्हरटेक मारला की जास्त मार्क, आणि दोन्ही बाजूंनी वाहतूक असलेल्या रस्त्यावर उलट्या बाजूनं घुसलास की अजून जास्त. इंजिनाचे आवाज खऱ्या बाईकचे रेकॉर्ड केलेत, हेडफोन लावून ऐक. नेट लागत न्हाई.
१५ वर्षांच्याला मात्र नीट समजावून दे की हे फोनातच करायचं, होटगी रोडला न्हाई.

हुतात्मा_पासवाला
मी दर आठवड्याला हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापूर-पुणे करतो, चार तास जायला चार यायला, आणि कुर्डुवाडी सुटली की नेट कधी हाय कधी न्हाई, त्यामुळं ऑफलाइन गेमवर माझी पीएचडी झालेली आहे असं समजा. माझं मत सरळ आहे. गेम किती भारी दिसतो ते पहिली दहा मिनिटं, चाळिसाव्या मिनिटाला तो कसा चालतो ते खरं.
हिल क्लायंब रेसिंग त्यात पहिला. २०१२ चा आहे, फिनलंडमधल्या औलू शहरातल्या फिंगरसॉफ्टचा, आणि अजून माझ्या फोनवरून गेला नाही. दोनच पेडल, गॅस आणि ब्रेक. पण हवेत गाडी असताना तेच दोन पेडल गाडीचं नाक वर-खाली करतात हे कळायला मला आठवडा लागला. गॅस दाबला की नाक वर, ब्रेक दाबला की खाली. बिलचं, म्हणजे गाडी चालवणाऱ्याचं, डोकं जमिनीला लागलं की खेळ खलास, नाहीतर पेट्रोल संपून खलास. नवीन माणूस सगळी नाणी इंजिनावर घालतो न मग प्रत्येक चढावर गाडी मागं उलटते. आधी सस्पेन्शन न टायर वाढवा. चंद्राचा पण एक रस्ता आहे त्यात, तिथं गुरुत्वाकर्षण कमी, घाई करणारा उताणा पडतो.
दुसरा भाग २०१६ ला आला, त्यात दुसऱ्यांबरोबर शर्यत आहे, रंगीत आहे, पण ट्रेनमध्ये मला पहिलाच बरा वाटतो.

बॅकबेंचर_बाळीवेस
अरे काय म्हातारपणाचे गेम सांगायलाय सगळे 😂 मामा अॅस्फाल्ट टाक. गाडी रॅम्पवरून उडते, हवेत गोल फिरते, खाली येऊन दुसऱ्याच्या डोक्यावर आदळते. फिजिक्स गेलं खड्ड्यात

हुतात्मा_पासवाला
@बॅकबेंचर_बाळीवेस कुठला अॅस्फाल्ट ते सांग की. ८ आणि ९ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बॅकबेंचर_बाळीवेस
८ म्हणजे एअरबोर्न, २०१३ चा, गेमलॉफ्टचा. ९ म्हणजे लेजेंड्स, २०१८ चा, २०२४ ला त्याचं नाव लेजेंड्स युनाइट केलं. ९ दिसायला कडक हाय पण त्यात टचड्राइव्ह म्हणून प्रकार हाय, गाडी आपोआप वळते, आपण फक्त डावा रस्ता की उजवा ते बोटानं सरकवायचं न नायट्रो (गाडीला एकदम जोर देणारं बटण) न ड्रिफ्ट (वळणावर घसरत जायचं) दाबायचं. ८ वर्षांच्या पोराला झकास, पण आमच्यासारख्याला वाटतं आपण गाडी चालवतोय का रिक्षात मागं बसून रस्ता सांगतोय. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून हातानं चालवता येतं, ते कर.
नायट्रोची ट्रिक: नुसतं दाबून धरू नको. एकदा दाब, मग पट्टीतला काटा रंग बदललेल्या भागात आला की दुसऱ्यांदा दाब, परफेक्ट नायट्रो मिळतो, जास्त वेळ पुरतो. ९ मध्ये पट्टी पूर्ण भरलेली असताना पटापट दोनदा दाबलं की शॉकवेव्ह, जांभळा झोत निघतो मागून, पोरं किंचाळतील.
पण तुझ्या ६४ जीबीत गुड मॉर्निंग काढावे लागतील मामा

रिपेरवाला_सात_रस्ता
मी रोज उघडे फोन बघतो म्हणून जरा लांबड लावतो, माफ करा.
वीस मिनिटांनी गाडी पंक्चर झाल्यागत चालते असं मामा म्हणाले ना, त्याला कारण आहे. प्रोसेसर तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, जळू नये म्हणून. सेकंदाला साठ चित्रं यायची तिथं तीस-पस्तीसच येतात न ती पण अडखळत. पुण्यात एसीत बसून व्हिडिओ बनवणारा सांगतो हा फोन गेमिंगला एक नंबर, त्याच्या खोलीत २४ डिग्री. आपल्याकडं पत्र्याखालच्या खोलीत दुपारी दोनला ३८-४० असतंच. फोननं गरमी सोडायची कुठं? बाहेरची हवाच गरम. म्हणून सोलापुरात गेम निवडताना फोनचं गार राहणं आधी बघायचं, ग्राफिक्स नंतर.
आता करायचं काय. चार्जिंगला लावून गेम खेळायचा नाही, चार्जिंगची न खेळाची दोन्हीची गरमी एकत्र येते न बॅटरी फुगून माझ्याकडं येते. जाड रबरी कव्हर काढा. ब्राइटनेस निम्मा. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट, म्हणजे तीच सेकंदाला येणारी चित्रं, ६० च्या ऐवजी ३० किंवा ४० वर बांधा, एकसारखा ३० हा उड्या मारणाऱ्या ६० पेक्षा डोळ्याला बरा लागतो. आणि हे आपल्या गावाला खास सांगतो, फोन चादरीवर किंवा टॉवेलवर ठेवून खेळू नका, कापूस गरमी अडवून धरतो. शहाबादी फरशीवर पाठ टेकवून पाच मिनिटं ठेवा, तेवढ्यात थंड होतो.

लूमवाली_वैनी
आमच्या ह्यांनी फ्रीजमध्ये ठेवलेला 🙈

रिपेरवाला_सात_रस्ता
वैनी, नका हो. गरम फोन गार हवेत न मग परत बाहेर, आत दव धरतं. पाण्यात न पडलेला फोन पाण्यात पडल्यासारखा माझ्याकडं येतो न गिऱ्हाईक शपथ घेतो की पाणी लागलंच नाही.

मामा_आसरा_चौक
शहाबादी फरशीचं करून बघितलं आत्ता. लागू पडतंय की राव!
हिल क्लायंब, ट्रॅफिक रायडर उतरवले. चौघं न फोन एक, भांडणं सुरू. बहिणीचा जुना फोन आणि आईचा फोन आहे म्हणजे तीन झाले. सगळ्यांना एकत्र खेळता येईल असं काही?

गड्डा_२४तास
मिनी मिलिशिया!!! मामा एवढं कसं विसरला. कॉलेजात मागच्या बाकावर सहा जण हेच. एकानं हॉटस्पॉट सुरू करायचा, बाकीच्यांनी वायफाय जोडायचं, गेममध्ये लॅन वाय-फाय घ्यायचं, झालं. नेटचा एक एमबी जात न्हाई, डेटा बंद असला तरी चालतंय. छोटी कार्टून माणसं, पायात रॉकेटचे बूट, उडत उडत गोळ्या. रक्ताच्या नावाला चिटुकले ठिपके, आज्जींना दिसणार पण न्हाईत.
जेटचं इंधन संपलं की पडतो म्हणून सारखं उडत बसू नये, थोडं उडायचं थोडं चालायचं. न स्नायपर मिळाली की कोपऱ्यात बसणाऱ्याला आमच्यात शिव्या बसायच्या.

पुण्यातला_सोलापूरकर
गाड्यांमध्ये एकत्र खेळायचं तर बीच बगी रेसिंग. व्हेक्टर युनिटचा, २०१४ चा. मस्तीवाला आहे, शर्यतीत समोरच्यावर तेल सांडायचं, फटाके सोडायचे. घरी अँड्रॉइड टीव्ही असेल तर पडदा चार भागांत वाटून चौघं एकदम खेळू शकतात, त्याला गेमपॅड लागतात मात्र. लहान मुलांना अॅस्फाल्टपेक्षा हा सोपा जातो.
स्वतःसाठी पैसे टाकायची तयारी असेल कधी तर ग्रिड ऑटोस्पोर्ट. फेरल इंटरॲक्टिव्हनं आयफोनवर २०१७ ला आणि अँड्रॉइडवर २०१९ ला आणला. एकदाच पैसे, मग आत एकही दुकान नाही, जाहिरात नाही, शंभरेक गाड्या, कॉम्प्युटरवरचा अख्खा गेम फोनात. वळणाआधी ब्रेक नाही मारला तर थेट मातीत. पण काही जीबी जागा खातो, मोजक्याच दमदार फोनवर चालतो, मामांच्या फोनवर नाही चालणार. माझ्या फोनवर चालतो पण ऑफिसला सांगू नका.

बॅकबेंचर_बाळीवेस
कुणी बीजीएमआयचं (पब्जीचा भारतातला अवतार) नाव का घेईना बे? घाबरलात का

हुतात्मा_पासवाला
नाव घेतो, घाबरायचं काय. पब्जी २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला, बीजीएमआय जुलै २०२१ ला आला, जुलै २०२२ ला स्टोअरवरून गायब, मे २०२३ ला परत. आमच्या डब्यातल्या पोरांची तेवढी दहा महिने पुस्तकं उघडी दिसली. गेम चांगलाच आहे, त्यात वाद नाही. एरंगेलचा ८ बाय ८ किलोमीटरचा नकाशा, अर्धा तास लपतछपत जायचं न शेवटच्या दहात छातीत धडधड, ते दुसरीकडं नाही. पण मामांची पहिलीच अट नेट नको. बोगद्यात शिरल्यासारखं नेट गेलं की तुमचा माणूस उभ्या उभ्या मरतो.
आणि खेळलाच तर लिविक नकाशा घ्या, २ बाय २ किलोमीटर, ५२ जण, पाव तासात निकाल, फोन तापायच्या आत. ग्राफिक्स स्मूथ ठेवायचं. २०२३ ला परत आला तेव्हा १८ च्या आतल्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली त्यात, मोठ्यांना ६ तास, वय खरं टाकलं असेल तर.

जुनाट_खेळाडू
वय खरं टाकलं असेल तर 😄 आमच्या घरातला तेरा वर्षांचा पोरगा कागदोपत्री १९७८ चा जन्म हाय

बॅकबेंचर_बाळीवेस
कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल पण धरा. २०१९ ऑक्टोबरचा. पाच विरुद्ध पाच, न्यूकटाऊनसारखा टीचभर नकाशा, मेला की लगेच परत जिवंत, म्हणून नवख्याला वाट बघत बसावं लागत न्हाई. पब्जीत पहिल्याच मिनिटात मेलास की मित्रांच्या तोंडाकडं बघत बस.
फ्री फायर फेब्रुवारी २०२२ ला बंद झालेला, मॅक्स चालू राहिला. हलक्या फोनवर तो बरा पळतो. ५० जण, दहा मिनिटं.

पुण्यातला_सोलापूरकर
आपल्याकडचा पण एक सांगून ठेवतो, इंडस. पुण्याच्या सुपरगेमिंगनं बनवलेला, ऑक्टोबर २०२४ ला आला. बॅटल रॉयलच, पण शेवटचा माणूस उरणं हा एकच मार्ग नाही, कॉस्मियम नावाची वस्तू ताब्यात घेऊनही जिंकता येतं. ज्यानं तुम्हाला मारलं त्याच्यावर डूख धरायची पण सोय आहे. आपल्या लोकांना ते शिकवायची गरज नव्हती म्हणा.

लूमवाली_वैनी
मला एक महत्त्वाचं सांगायचंय मधेच. गेम फुकट म्हणून दिला न माझ्या धाकट्यानं आतल्या दुकानातून कसलेतरी हिरे घेतले, तीन दिवसांत अठराशे रुपये. नाव घेत नाही गेमचं, चूक आमचीच, फोनात पैसे भरायचं सगळं जोडलेलं होतं न पासवर्ड विचारत नव्हतं. मामा आधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोट मागेल असं करून ठेवा, मग फोन हातात द्या. आमच्याकडं महिन्याच्या किराण्यातून शेंगा कमी झाल्या त्या महिन्यात, चटणीशिवाय भाकरी खाल्ली सगळ्यांनी न त्यानं पण.

रिपेरवाला_सात_रस्ता
वैनींना प्लस वन. त्याच्या जोडीला, मोठा भाचा मॉड एपीके (प्ले स्टोअरच्या बाहेरचा, कुणीतरी फेरफार केलेला गेम) म्हणून काहीतरी उतरवेल, अमर्याद नाणी मिळतात म्हणून. ते अजिबात नको. गाड्यांच्या गेमला मेसेज वाचायची परवानगी कशाला पाहिजे? मागितली तर काढून टाका, बँकेचा ओटीपी तिथंच येतो.

कडक_भाकरी
ते पैसे लावून खेळायचे रमी-बिमी पण टाकू नका बरं, त्यावर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंदी आणली

मामा_आसरा_चौक
पासवर्डचं केलं वैनी, थँक्यू. रमीचं आई हाय तोवर शक्यच न्हाई.
मोठ्या भाच्याला मारामारीचा पाहिजे, म्हणतो बंदूक नको तर नको पण लाथाबुक्क्या तरी द्या

गड्डा_२४तास
शॅडो फाइट २. नेक्कीचा हाय. माणसं नुसत्या काळ्या सावल्या, त्यामुळं रक्ताचा विषयच न्हाई, पण हालचाल इतकी खरी की पोट आत जातं. नुसतं बटण बडवून पहिली दहा माणसं पडतात, मग लिंक्स येतो न गायब होऊन मागून मारतो, तिथं कळतं की थांबून मारायला शिकायला पाहिजे. अंतर धरायचं, समोरच्याचा वार चुकू द्यायचा, मग लाथ. पुढं बुचर, वास्प, विडो, प्रत्येकाची खोड वेगळी.
एक भानगड हाय, ताकदीच्या पाच कांड्या असतात, प्रत्येक लढतीला एक जाते, संपल्या की भरायची वाट बघायची. माझ्या मते उन्हाळ्यात हे वरदान हाय, फोन पण गार होतो न पोरगं पण.

जुनाट_खेळाडू
विकत घ्यायला हरकत नसेल तर जीटीए सॅन अँड्रियास पण हाय फोनवर २०१३ पासून, पण लहान पोरांसमोर नको, भाषा न प्रकार दोन्ही आईसमोर चालणार न्हाईत. आणि ते ट्रेनचं मिशन! मागं बिग स्मोक बसलेला, बाईक ट्रेनच्या कडेनं पळवायची, आणि हा भाऊ गोळ्या कुठं मारतो देव जाणे. काचेवर बोट घासून ते मिशन पार करणाऱ्याला हुतात्माचा पास फुकट द्यायला पाहिजे.

हुतात्मा_पासवाला
मी अकरा वेळा हरलोय. पासवाला असून.

लूमवाली_वैनी
मुलींसाठी पण सांगा काहीतरी, भाच्यांत मुलगी असेलच ना एखादी. माझी मुलगी बस सिम्युलेटर इंडोनेशिया खेळते. रस्ते तिकडचे पण गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूनं, त्यामुळं गोंधळ होत नाही. बसला रंग आपला देता येतो, लोकांनी लालपरीचे रंग बनवून ठेवलेत, ते लावून ती मला विचारते आई कुठं सोडू, मी म्हणते अक्कलकोट. सिग्नल पाळते, प्रवासी घेते, हॉर्न मात्र तिकडचा मोठा मजेशीर.
डॉ. ड्रायव्हिंग पण चांगला आहे, जुना आहे, जागा कमी खातो. नुसतं जोरात पळवायचं नाही त्यात, गाडी नीट लावायची, कमी पेट्रोलमध्ये जायचं. आमचे हे त्यात नापास होतात.

बॅकबेंचर_बाळीवेस
गाडी नीट लावायचा गेम नवी पेठेत रोज खेळतोय फुकटात

गड्डा_२४तास
😂😂 खरंय. लेव्हल संपतच न्हाई
मामा, संक्रांतीला पोरांना आणा परत, होम मैदानावर गड्डा यात्रेत मौत का कुवा दाखवा. तिथं खरीखुरी बाईक भिंतीवर चालते, हात सोडून. अॅस्फाल्टवाल्यांनी तिथूनच घेतलं असणार.

मामा_आसरा_चौक
आठवडा झाला, रिपोर्ट देतो.
मिनी मिलिशियानं घर हादरलं. तीन फोन, एक हॉटस्पॉट, माझा फोन शहाबादीवर, पोरं पण फरशीवर पालथी. पहिल्या दिवशी मी शेवटचा आलो, दुसऱ्या दिवशी पण. लहानगं उडतच न्हाई, झुडपात बसतं न मला बरोबर मारतं. मोठा शॅडो फाइटमध्ये लिंक्सपाशी अडकलाय, कांड्या भरेपर्यंत पाणी भरायला मदत करतोय, त्याच्या आईला फोन करून सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. भाचीला वैनींचा बसचा गेम दिला, ती लालपरी घेऊन फिरते न मधल्याकडून खरंच तिकिटाचे पैसे मागते. ट्रॅफिक रायडर मी पहाटे पाळीवरून आल्यावर एकटाच खेळतो, हेडफोन लावून, रात्रभर मशीनचा आवाज ऐकल्यावर तो इंजिनाचा आवाज बरा वाटतो. अॅस्फाल्टला जागा झाली न्हाई, आई गुड मॉर्निंग काढू देईना.
आणि आईचंच सांगायचं राहिलं. तिच्या फोनात हिल क्लायंब टाकून ठेवलेला पोरांसाठी. परवा दुपारी सगळे झोपले न उठून बघतो तर म्हातारी चष्मा लावून चंद्रावर. मला हळूच विचारती, ह्याचं पेट्रोल कुठं मिळतंय रे पुढं?

हुतात्मा_पासवाला
सस्पेन्शन वाढवलंय का त्यांनी?

मामा_आसरा_चौक
न्हाई ओ, सगळी नाणी इंजिनात घातलीत. सांगून ऐकत न्हाई.